अकोला नव्हे, अकोले

विद्यार्थी मित्रांनो, पालक बंधू-भगिनींनो आणि विश्वस्त मंडळी,



गेल्या पालक सभेत नववीच्या सहलीचा विषय निघाला तेव्हा मी अकोल्याचे नाव सुचविले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पालक मोठ्या उत्साहाने भुसावळमार्गे अकोल्याला जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक लिहून घेऊन आले. चूक त्यांची नव्हती, आपल्या भाषेच्या विभक्तीची होती. विदर्भातले अकोला आणि सह्याद्रीतले अकोले, दोघांचेही "अकोल्याला" असेच रूप होते. मला म्हणायचे होते ते अकोले. हा अहिल्यानगर जिल्ह्यातला, नाशिक आणि पुणे जिल्ह्यांना टेकलेला डोंगरी तालुका. 2024 पर्यंत या जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते. ज्या अहिल्याबाईंनी आपल्या माळव्यावर राज्य केले, महेश्वरचे घाट बांधले, त्यांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडी गावी 1725 साली झाला. तेव्हा नाव बदलले ते आपल्याच घरातल्या माणसाचे लागले, असे म्हणायला हरकत नाही.

वेळापत्रकाचा घोटाळा लगेच निस्तरला, पण त्या सभेत आणखी तीन प्रश्न आले आणि त्यांना उभ्या उभ्या उत्तर देणे मला जमले नाही. पहिला: "मॅडम, खेडीच पाहायची तर ती माळव्यात कमी आहेत का?" दुसरा प्रश्न एका आईचा होता: "डोंगर चढताना काही झाले तर?" तिसरा आमच्या ज्येष्ठ विश्वस्तांचा: "मुले अनोळखी लोकांच्या घरी कशी राहणार? धर्मशाळा नाही का?" म्हणून हा लेख. थोडा लांबेल, पण सही करण्यापूर्वी सर्वांनी वाचावा अशी विनंती आहे.

आधी मुलूख समजून घेऊ. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर आहे, म्हणजे आपण पठारावरचीच माणसे. परंतु आपले पठार सपाट आहे, आणि सायकलवरून शाळेत येणाऱ्या मुलाला चढ म्हणजे काय ते पुलापाशी तेवढे कळते. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला कळसूबाईचे शिखर आहे, 1646 मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. आपल्या मध्यप्रदेशातले सर्वांत उंच शिखर म्हणजे पचमढीचे धूपगढ, 1352 मीटर. कळसूबाई त्याच्यापेक्षा जवळजवळ तीनशे मीटरने उंच आहे. विज्ञानाच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या काळ्या मातीखालचा दगड आणि कळसूबाईचा कातळ यांचे कूळ एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. भूशास्त्रात दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांचे गट पाडले आहेत, त्यांतल्या सर्वांत खालच्या उपगटाला "कळसूबाई" हेच नाव आहे. तोच दगड माळव्यात झिजून माती झाला आणि तिकडे कड्यांच्या रूपाने उभा राहिला.

पावसाचेही तसेच. उज्जैनला वर्षाकाठी साधारण नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेवढ्यात आपण क्षिप्रेला पूर आला म्हणून रामघाटावर गर्दी करतो. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे पाच हजार मिलिमीटरचा आकडासुद्धा नवलाचा नाही. तेथून पूर्वेला अकोले गावाकडे येईपर्यंत तोच पाऊस कितीतरी पटींनी कमी होतो. एकाच तालुक्यात एका टोकाला भाताची खाचरे आणि दुसऱ्या टोकाला ऊस, कांदा, बाजरी. एका दिवसाच्या बसप्रवासात हा फरक डोळ्यांनी दिसतो. भूगोलाच्या पुस्तकातला "पर्जन्यछायेचा प्रदेश" शिकवायला मला तीन तासिका लागतात, तरी परीक्षेत निम्मी मुले चुकतात.

मी स्वतः मागच्या ऑक्टोबरमध्ये आमच्या एका सहकारी शिक्षिकेबरोबर चार दिवस तेथे जाऊन आले. स्वतः न पाहता मुलांना कुठे नेऊ नये, हे मी फार महागात शिकले आहे. ती गोष्ट पुढे सांगते.

जाण्याचा रस्ता असा. इंदूरहून मानपूरचा घाट उतरला की विंध्य मागे पडतो, खलघाटला नर्मदा लागते, सेंधव्यापुढे बिजासनच्या घाटात सातपुडा ओलांडायचा, मग शिरपूरजवळ तापी, धुळे, मालेगाव, नाशिक आणि घोटी. घोटीहून डावीकडे वळले की समोर कळसूबाईची रांग दिसू लागते. एकूण अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने 309 किलोमीटरच्या इंदूर–मनमाड रेल्वेमार्गाला मंजुरी दिली आहे, तो सुरू होईल तेव्हा हा प्रवास सोपा होईल. तूर्त बसच.

वाटेत मुलांना अगस्ती ऋषींची कथा सांगायची आहे. विंध्य वाढत वाढत सूर्याची वाट अडवू लागला, तेव्हा अगस्ती उत्तरेकडून निघाले. गुरूंना वाट द्यायला विंध्य वाकला, आणि "मी परत येईपर्यंत असाच राहा" असे सांगून ते जे दक्षिणेला गेले ते परतलेच नाहीत. मग गेले कुठे? अकोल्याची माणसे सांगतात, आमच्याकडे. प्रवरेच्या काठी, अकोले गावालगत अगस्तींचा आश्रम आहे आणि तालुक्याचा सहकारी साखर कारखानासुद्धा त्यांच्याच नावाचा आहे. आपण त्या वाकलेल्या विंध्याच्या अलीकडचे, ते पलीकडचे. मला ही कथा लहानपणापासून माहीत होती, पण तिचे दुसरे टोक त्या आश्रमाच्या ओट्यावर बसेपर्यंत कधी सुचले नव्हते.

आता भाषेविषयी, कारण या सहलीत माझा खरा जीव तेथे अडकला आहे. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरातली, आजीच्या तोंडची. आपल्यापैकी बहुतेकांचे असेच आहे. राणोजी शिंद्यांच्या काळापासून, म्हणजे पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ मराठी घरे उज्जैनमध्ये आहेत. महाकालाच्या देवळाची उभारणीही त्यांचे दिवाण रामचंद्रबाबांच्या हातून झाली. इतक्या पिढ्या आपण मराठी राखली, ही साधी गोष्ट नाही. पण राखलेली मराठी ही देवघरातली, स्वयंपाकघरातली आणि गणेशोत्सवातली आहे. शेतातली, रानातली, डोंगरातली मराठी आपल्याकडे जवळजवळ उरलेली नाही. ज्यांच्या घरी ती वस्तूच नाही त्यांच्या तोंडी तिचा शब्द कसा राहणार?

उदाहरण माझेच देते. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तेथल्या दादांनी सांगितले, "उद्या घाट बघायला जाऊ." मी मनात म्हटले, नदीला बांधीव पायऱ्या असतील, संध्याकाळी आरती होत असेल. चांगली साडी घालून निघाले. दुसऱ्या दिवशी घाटघरच्या कड्यावर उभी राहिले तर पायाखालून जमीनच संपलेली, खाली खोल कोकण आणि समोर ढग! घाट म्हणजे डोंगर उतरण्याची वाट, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर कळले. "लावणी" म्हटले की आपल्या मुलांना ढोलकी आठवते. तेथे लावणी म्हणजे भाताची रोपे चिखलात लावणे. खाचर, राब, नाळ, खिंड, कातळ, नेढे, कणगी, इरले हे शब्द मी वहीत लिहून आणले आहेत. शब्दकोशात ते सगळे आहेत, पण शब्दकोशातले नेढे पाहून काय समजणार? रतनगडावर डोंगराच्या माथ्याला आरपार भोक पडले आहे, सुईला असते तसे. त्यात उभे राहिले की वारा माणसाला ढकलतो. ते नेढे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते, माळव्यातली खेडी का नाहीत. माळव्यातली खेडी आम्ही दाखवतोच आणि दाखवत राहू. पण माळव्याची शेती म्हणजे सोयाबीन, गहू, लसूण, बटाटा. जमीन सपाट, खोल आणि काळी, आणि आता बहुतेक कामे ट्रॅक्टरची. डोंगरावरच्या शेतीचा हिशेब निराळा आहे. उतारावर बांध घालून पायऱ्यांसारखी खाचरे पाडलेली असतात. उन्हाळ्यात एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून भाजतात, हा राब. पहिल्या पावसात त्यावर भाताचे बी टाकायचे, महिन्याभरात रोप उपटून खाचरातल्या चिखलात लावायचे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी, मग खळ्यावर झोडणी. वरच्या माळावर नागली, वरई, आणि खुरासणी. खुरासणी फुलते तेव्हा उतारच्या उतार पिवळे होतात. इंद्रायणी भाताचे नाव सर्वांना माहीत आहे, परंतु तेथे काळभात नावाचे एक जुने वाण अजून काही घरी आहे. त्याला वास असा की शिजताना शेजारघरी कळावे.

बैलसुद्धा वेगळे. आपल्याकडे मालवी जातीची जनावरे, पांढरी. तिकडे डांगी. अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, कातडी तेल लावल्यासारखी, त्यामुळे पावसाचे पाणी निथळून जाते, आणि खूर टणक. मुसळधार पावसात चिखलात दिवसभर उभे राहायचे तर असेच जनावर पाहिजे. राजूर या बाजाराच्या गावी डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. राजूरचे पेढेही प्रसिद्ध आहेत, ही माहिती विशेषतः आठवीच्या मुलांसाठी, पुढच्या वर्षी त्यांची पाळी आहे.

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. शाळेत कधी न गेलेल्या या बाईंनी भात, वाल, घेवडा, भाज्या यांची गावरान बियाणी घरोघरून गोळा केली, बियाण्यांची बँक उभी केली, आणि 2020 च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण मुलांना रोज सांगतो की शिकल्यावाचून काही होत नाही. ते खरेच आहे. तरीपण या बाईंपुढे बसून आपल्या मुलांनी एकदा विचार करावा की शिकणे म्हणजे नेमके काय.

तेथले लोक मुख्यत्वे महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे. 1840 च्या दशकात इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. 2 मे 1848 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात 1857 आहे, त्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट नाही. कळसूबाईची कथाही त्यांचीच. जुन्या गॅझेटियरमध्ये ती अशी दिली आहे: कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी रानात हिंडायची. ती पायथ्याच्या एका गावात, एका घरी कामाला राहिली, पण अट घातली की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. पुष्कळ दिवस ठीक चालले. एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितले. तिने दोन्ही कामे केली, आणि तडक डोंगर चढून गेली ती परत आली नाही. त्या पायथ्याच्या गावाचे नाव, ऐकून हसाल, इंदोरे. माझ्या मते ही कथा आपल्या सर्वांच्या घरी वाचून दाखवण्यासारखी आहे, विशेषतः ज्या घरी कामाला बाई येतात त्या घरी.

पाहण्याच्या जागा थोडक्यात सांगते. भंडारदऱ्याचे धरण प्रवरेवर आहे, 1910 ते 1926 या काळात बांधलेले, दगडी. रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव काम केलेले प्राचीन देऊळ, तेथून रतनगडाची वाट. हरिश्चंद्रगड 1424 मीटर. त्यावर पाण्यात उभे असलेले केदारेश्वराचे भव्य शिवलिंग, चारांपैकी एकच खांब शाबूत, आणि पलीकडे कोकणकडा. चांगदेवांनी येथे तप केले आणि "तत्त्वसार" रचला असे मानतात. महाकालाच्या गावच्या मुलांनी ते लिंग जरूर पाहावे, पण नववीच्या मुलांना या वेळी हरिश्चंद्रगडावर नेणार नाही. वाट लांब आहे आणि आमच्यात तेवढा सराव नाही. एकच चढाई, कळसूबाईची, बारी गावातून.

धरणाजवळ एक गोष्ट मला खटकली, ती सांगितली पाहिजे. त्या धरणाचे पाणी कालव्यांनी खाली जाते आणि त्यावर खालच्या तालुक्यांतला ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले. वरच्या वाड्यांत मात्र एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सगळा उतारावरून निघून जातो. भात हे एकच मुख्य पीक, ते निघाले की पुष्कळ कुटुंबे नारायणगावच्या बाजूला शेतमजुरीला उतरतात. घरी राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले. पर्यटनाचा प्रश्न तेथे या बाजूने समजून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात कृषी पर्यटनाची सुरुवात 2005 च्या सुमारास बारामतीच्या बाजूला झाली आणि 2020 मध्ये राज्य सरकारने त्याचे धोरणही मंजूर केले. इटलीत 1985 सालापासून याचा कायदा आहे. परंतु मोठ्या बागायतदाराच्या मळ्यातली हुरडा पार्टी वेगळी आणि डोंगरातल्या वाडीने मिळून केलेली व्यवस्था वेगळी. अकोल्यातल्या पुरुषवाडीसारख्या गावांनी दुसरा मार्ग धरला. पाहुणे आले की जेवणाची घरे पाळीने ठरतात, वाटाड्यांची पाळी असते, आणि पैसा एकाच हॉटेलवाल्याकडे न जाता घराघरांत विभागला जातो. विश्वस्त काकांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. काका, मुले अनोळखी लोकांच्या घरी राहणार, हे खरे. पण ते घर गावाने ठरवून दिलेले असेल, मुली एका घरी आणि बरोबर दोन शिक्षिका असतील, आणि रात्री त्या घरची आजीही तेथेच असेल. मी राहिले तेथली आजी पहिल्या रात्री तीनदा उठून पाहून गेली की आम्ही पांघरूण नीट घेतले आहे की नाही. "उज्जैनच्या म्हणजे महाकाळाच्या का तुम्ही?" तिने विचारले. मी हो म्हटले. मग थोडा विचार करून म्हणाली, "मराठी चांगलं बोलता की!" मला हसावे की रडावे कळेना.

पर्यटनाने नुकसानही होते, तेही सांगते. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर तेथल्या झाडांवर काजव्यांची लखलख असते. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा, झाडेच्या झाडे एका तालात उजळतात आणि विझतात. नर काजव्यांनी माद्यांना दिलेली ती खूण असते. ती पाहायला मुंबई-पुण्याहून शेकडो गाड्या येतात, हेडलाइट लावून, आणि उजेडात ती खूणच दिसत नाही. अंडी आणि अळ्या जमिनीवर ओल्या पाल्यात असतात, त्यावर चाके आणि पाय. हा भाग 1986 पासून अभयारण्य आहे आणि वनखात्याने काजव्यांच्या दिवसांत वाहनांवर आणि दिव्यांवर निर्बंध घातलेले आहेत, पण गर्दीपुढे कोण किती पुरणार? आपल्या उन्हाळी सुटीत हे दिवस अगदी बरोबर बसतात, म्हणून पुष्कळ मुलांची मागणी जूनची आहे. माझे उत्तर नाही असे आहे. पंचेचाळीस मुलांची बस घेऊन आपण तेथे काजवे पाहायला जाणार नाही. रागावलात तरी चालेल.

फिलिपीन्स देशात इफुगाओ डोंगरांवर भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत. 1995 साली युनेस्कोने ती जागतिक वारशात घेतली, आणि सहाच वर्षांनी, 2001 मध्ये, धोक्यातल्या वारशाच्या यादीत घातली. तरुण मुले शहराकडे गेली, बांध ढासळले, पाण्याचे पाट कोणी साफ करीना. 2012 मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली, ती गावकऱ्यांनी आणि सरकारने मिळून बांध पुन्हा उभे केल्यावर. पाहुणे येत होते, फोटो निघत होते, तरीही शेते पडत होती. म्हणून मी गावात विचारले की पाहुण्यांच्या पैशाने शेती टिकते की सुटते. एका तरुण वाटाड्याने सरळ सांगितले, "शनिवार-रविवारी डोंगर, बाकी दिवस खाचर. नुसत्या डोंगरावर भागत नाही आणि नुसत्या खाचरावरही नाही."

आता त्या आईंच्या प्रश्नाकडे येते.

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी तरुण शिक्षिका असताना, जुलै महिन्यात मुलींना घेऊन एका किल्ल्यावर गेले होते. पाऊस वाढला. अर्ध्या वाटेवर वाटाड्या थांबला आणि म्हणाला, "बाई, आता पुढं नको. नाळीत पाणी वाढतंय." मला वाटले, इतक्या लांब आलो, मुलींनी पैसे भरले आहेत, वर न जाता परत कसे जायचे? मी आग्रह धरला. तो गप्प बसला आणि पुढे चालू लागला. उतरताना एक मुलगी शेवाळावरून घसरली, घोट्याचे हाड मोडले. वाटाड्याने आणि गावातल्या तिघांनी घोंगडीची झोळी करून तिला साडेतीन तास चालून खाली आणले. त्यांनी माझ्याकडून फक्त चहा घेतला. दवाखान्यात तिची आई आली, माझे सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "तो माणूस नको म्हणाला होता ना?"

ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे, बरी आहे, तिने मला कधी बोल लावला नाही. पण ते वाक्य माझ्याजवळ अजून आहे. म्हणून या सहलीचे नियम मी लिहून देत आहे आणि त्यावर पहिली सही माझी असेल. पावसाळ्यात जायचे नाही. वाटाड्या परत फिरा म्हणाला की परत फिरायचे, शिखर दहा मिनिटांवर असले तरीही, आणि त्यावर कोणा शिक्षकाने, प्राचार्यांनीसुद्धा, वाद घालायचा नाही. शिखर न झाल्यास पैसे परत मागू नयेत.

कळसूबाईची वाट कशी आहे तेही सांगते. बारीतून चढायला आपल्या मुलांना तीन ते चार तास लागतील. पहाटे निघायचे. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, कठड्यासह. एका वेळी एकाने चढायचे, शिडीवर थांबून फोटो काढायचा नाही. शनिवार-रविवारी तेथे रांग लागते म्हणून आपण आडवारी जाऊ. शेवटच्या शिडीच्या खाली विहीर आहे. माथ्यावर देवीचे छोटेसे देऊळ, तीन-चार माणसे मावतील एवढे. नवरात्रात गावोगावचे लोक वर येतात, अनवाणीही. खरा त्रास उतरताना होतो, गुडघ्यांना. म्हणून पुढच्या सोमवारपासून रोज सकाळी प्रार्थनेपूर्वी वीस मिनिटे शाळेच्या जिन्यावर चढउतार करायची आहे, पाठीवर दप्तर घेऊन. पालकांपैकी कोणाला यायचे असल्यास स्वागत आहे. ज्यांना दमा आहे किंवा इतर काही त्रास आहे त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. अशी मुले पायथ्याच्या गावी कापणीत मदत करतील, त्यांची सहल कमी होणार नाही.

दिवसांबद्दल मतभेद आहेत, ते पालकांनीच सोडवावेत. माझ्या मनात दिवाळीच्या सुटीचे पहिले दिवस आहेत. आपल्याकडे वसुबारस असते त्याच दिवशी तेथे वाघबारस असते. गुराखी रानात वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, गोडधोड शिजवतात, आणि वर्षभर गुरांना राखले म्हणून त्याची पूजा करतात. आपण गाय पुजतो त्या दिवशी ते वाघ पुजतात, कारण गाय आणि वाघ दोन्ही त्यांच्या अंगणापाशी येतात. बिबट्या तर आजही येतो. हे मुलांना दाखवायचे असेल तर बस नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री उशिरा उज्जैनला परत येईल. पहाटे अभ्यंगस्नानाला मुले घरी असतील, पण डोळे चोळत असतील, आणि फराळाच्या कामात त्यांची मदत मिळणार नाही. काही आयांनी आत्ताच नापसंती कळवली आहे. दुसरा पर्याय भाऊबीजेनंतरचा. तेव्हा कापणी दिसेल, वाघबारस नाही. दोन्हींपैकी एकावर खूण करून संमतीपत्र या महिन्याच्या अखेरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे.

विश्वस्त मंडळापुढे एक विनंती आहे. नववीत अकरा मुले अशी आहेत की ज्यांचे पालक सहलीचे पैसे भरू शकणार नाहीत, आणि ते कधी सांगणारही नाहीत. दरवर्षी अशा मुलांना नेमका त्याच आठवड्यात ताप येतो. त्यांची नावे मी बैठकीत तोंडी सांगेन, कागदावर लिहिणार नाही. गणेशोत्सवाच्या शिल्लक निधीतून त्यांची सोय व्हावी.

जेवणाबद्दल आधीच सांगून ठेवते. दाल-बाफले मिळणार नाहीत. तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठले, खुरासणीची चटणी, हुलग्याचे कढण आणि भात. नागलीची भाकरी काळपट दिसते, तिला नाक मुरडणाऱ्यास दुसरी मिळणार नाही. घरून शेव-चिवड्याची मोठी पाकिटे देऊ नयेत. प्लास्टिकच्या बाटल्या बसमध्येच राहतील, वर जाताना प्रत्येकाकडे दोन लिटर पाण्याची स्टीलची किंवा जाड बाटली असावी. तळ झिजलेले बूट नकोत. रात्री थंडी असते, स्वेटर लागेल. मोबाइल शिक्षकांकडे जमा.

आणि एक वस्तू प्रत्येकाने आणायची आहे. घरात किंवा गावाकडच्या शेतात असलेले जुने, विकत न आणलेले बी, एक मूठ. मालवी गहू असेल, गावरान तूर असेल, आजीच्या परसातल्या वालाचे असेल. कागदाच्या पुडीत बांधून त्यावर बियाण्याचे नाव, कोणाकडून मिळाले आणि घरात किती वर्षे आहे ते मराठीत लिहावे. ज्यांच्या घरी असे बी नाही त्यांनी आजी-आजोबांना विचारून निदान नाव तरी लिहून आणावे. त्या आजींनी निघताना माझ्या पिशवीत काळभाताच्या बियाण्याची पुडी टाकली होती आणि म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी तुमच्याकडचं काही घेऊन या."

आपली,
प्राचार्या